दोन ब्रेकांची गाडी

आमच्या घरी ट्रॅक्टरची चावी बाबांच्या करदोड्याला असते. आंघोळीला जातानासुद्धा.

विपुल, माझा धाकटा भाऊ, नववीत असताना त्या चावीचा वारस झाला. मी त्याच्याहून मोठी, पण मी मडगार्डवर बसून वावरात डबे पोचवत होते. आता विपुल पुण्यात शिकायला आहे, ट्रॅक्टर तेल्हाऱ्याला गोठ्याशेजारी उभा असतो, बाबांचा गुडघा दुखतो, आणि तरी आमचे वामनराव, म्हणजे बाबाच, गावभर ड्रायव्हर शोधत हिंडतात. घरात एक धडधाकट मुलगी आहे, हे त्यांना दिसत नाही. दिवाळीत मी ते सांगून टाकलं.

"बाबा, मले शिकवा. मी चालवीन ट्रॅक्टर."

ओसरीत शेजारची चार माणसं बसली होती. बाबा हसले. "तुया पाय पोचते का क्लचवर? आन पोचला तं दबते का? ते पोरीचं काम नोहे, बाई."

चार माणसंही हसली. मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि आला की मुक्कामालाच राहतो. मी बॅग भरली आणि भाऊबीज झाल्याझाल्या अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या खोलीवर परत आले.

तिथे नगमा भेटली. नगमा म्हणजे माझी मैत्रीण, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला माझ्याच वर्गात. तिच्या मोबाइलवर अमरावतीच्या एका कॉलेजची जाहिरात होती. कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीची स्पर्धा, पण स्टिअरिंग आणि पायडल स्वतःच्या हातांनी बनवलेलं असलं पाहिजे. बाजारातलं विकत आणलेलं चालणार नाही.

संध्याकाळी ओसरी भरायच्या वेळेला मी बाबांना फोन लावला. "या शर्यतीत पहिली आले तर चावी देसान?"

पलीकडे तीच ओसरी होती, तीच माणसं होती. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मजेत म्हणाले, "पयली ये. देतो चावी. या साऱ्यायच्या समोर सांगतो."

बाबांचा एक स्वभाव आहे. चारचौघांत दिलेला शब्द ते मोडत नाहीत, मग नुकसान झालं तरी बेहत्तर. हे ठाऊक होतं म्हणूनच मी चारचौघांत विचारलं होतं.

नगमाच्या अब्बांचं, गयासुद्दीन चाचांचं, वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये आम्ही बस्तान मांडलं. भंगारातून ट्रॅक्टरचं एक जुनं स्टिअरिंग मिळालं, तीन दांड्यांचं, प्लॅस्टिक तडकलेलं. नगमा म्हणाली, "रेसच्या गाडीचं स्टिअरिंग एवढं मोठं नसतं." मी म्हटलं, "माझं असतं."

स्टिअरिंग किती फिरलं हे कॉम्प्युटरला कळण्यासाठी तिने जुन्या टेपरेकॉर्डरमधलं आवाज कमीजास्त करायचं बटण काढलं. ते स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलं, तारा एका छोट्या बोर्डात नेल्या, बोर्ड कॉम्प्युटरला लावला. मी जोशात स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं गरागरा फिरवलं. बटण पाऊण फेरा फिरतं आणि थांबतं. ते थांबलं, मी थांबले नाही. खट्‌कन तुटलं.

"तेरेकू सबुरी नाम की चीज है का नै?" नगमा ओरडली.

मी दुसरं बटण आणलं, तेही तोडलं. मग सायकलची दोन दातेरी चाकं, एक लहान आणि एक मोठं, चेनने जोडली. लहान चाक स्टिअरिंगला, मोठं बटणाला. आता स्टिअरिंग भरपूर फिरलं तरी बटण बेतानं फिरत होतं. हात सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यावं म्हणून दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या. पहिल्यांदा सुरू केलं तर डावीकडे वळवलं की गाडी उजवीकडे पळायची. तारा उलट्या लागल्या होत्या. त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पायडलांवरून मात्र भांडण झालं. मी चाचांना खडूने जमिनीवर आमचा ट्रॅक्टर काढून दाखवला. डावीकडे क्लच, उजवीकडे दोन ब्रेक, त्याच्यापलीकडे ॲक्सिलेटर.

"दोन ब्रेक कायले?" नगमाने विचारलं. ती शहरातली, तिला समजावून सांगावं लागलं. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. वावरात नांगराचं तास, म्हणजे एक ओळ, संपलं की एकाच बाजूचा ब्रेक दाबायचा, म्हणजे ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही ब्रेक एका कडीने जोडायचे, म्हणजे दोन्ही सोबत दबतात. कडी न लावता रस्त्यावर ब्रेक मारला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर उलटतो. बाबांनी विपुलला उभ्या आयुष्यात एकदाच मारलं, ते कडी विसरला म्हणून. रस्त्याला लागताना लाव, वावरात शिरताना उघड. आमच्या घरात हे मुलांना बाराखडीच्या आधी शिकवतात.

"पण गेममधल्या गाडीला एकच ब्रेक आहे," नगमा म्हणाली.

"असू दे. मला शर्यत जिंकून ट्रॅक्टर चालवायचा आहे. पायाला ट्रॅक्टरचीच सवय पाहिजे."

शेवटी मध्यम मार्ग निघाला. चाचांनी दोन ब्रेक केले, मध्ये लोखंडी कडी लावली. नगमाने तार फक्त डाव्या ब्रेकला जोडली. कडी लावलेली असली की कुठलाही दाबा, डावा दबायचाच. माझा पाय ॲक्सिलेटरवरून उचलला की जवळच्या उजव्या ब्रेकवर पडायचा, आणि सगळं छान चालायचं.

क्लचला मी भंगारातली ट्रॅक्टरची स्प्रिंग बसवायला लावली. चाचा म्हणाले, "बेटा, खेलात इतका कडक क्लच कोनी ठेवते का? टांग दुखन." दुखलीच. सुरुवातीला मांडी थरथरायची, रात्री पाय उशीवर ठेवून झोपायचे. पण बाबांचं हसणं आठवलं की क्लच आपोआप दाबला जायचा. संक्रांतीपर्यंत तो क्लच मी गप्पा मारत दाबू लागले.

स्पर्धेच्या दिवशी सगळं सामान घेऊन आम्ही पॅसेंजरने निघालो. मूर्तिजापूरला एक म्हातारे गृहस्थ चढले, माझ्या मांडीवरचं स्टिअरिंग बघत बसले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "पोरी, बाकीचा ट्रॅक्टर मांगच्या डब्यात हाय का?"

अमरावतीच्या त्या हॉलमध्ये आमचं यंत्र बघायला गर्दी झाली. बाकीच्यांची स्टिअरिंगं जेवणाच्या ताटाएवढी, आमचं परातीएवढं. पण सकाळच्या फेरीत सर्वांत कमी वेळ माझा आला. स्क्रीनवर माझं नाव सर्वांत वर होतं, आकांक्षा, तेल्हारा. गाव मी मुद्दाम लिहिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत दारात बाबा दिसले. खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी.

"तुयासाठी नाई आलो," ते आधीच म्हणाले. "रोटावेटरची पाती घ्याची होती."

ट्रॅक्टरमागे जोडायच्या रोटावेटरची पाती तेल्हाऱ्यातही मिळतात.  आतून इतकं बरं वाटलं की हातातली पोळी तशीच राहिली. मी त्यांना यंत्राजवळच्या खुर्चीत बसवलं आणि शेवटच्या फेरीसाठी नाव नोंदवायला गेले. परत येताना पाहिलं तर बाबा वाकून दुपट्ट्याने पायडल पुसत होते. समोरच्या स्क्रीनवर कोणीतरी सराव करत होतं, वळणावर वळणं येत होती, आणि बाबा एकदा स्क्रीनकडे, एकदा खाली बघत होते.

"चांगलं बनवलं," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं.

शेवटच्या फेरीत चौघं होतो. चार कॉम्प्युटर, एकच रस्ता. बावटा पडला, मी क्लच सोडला आणि सर्वांच्या पुढे निघाले. पहिलं वळण आलं. मी ब्रेक दाबला.

काहीच झालं नाही. पाय तळापर्यंत गेला आणि गाडी तशीच सुसाट जाऊन गवतात घुसली. तिघंही माझ्या बाजूने निघून गेले.

मी खाली पाहिलं. उजवा ब्रेक खाली गेला होता, डावा जागच्या जागी होता. कडी उघडी होती.

कोणी उघडली ते त्या क्षणी कळलं आणि डोक्यात आग गेली. कडी लावायला वाकले असते तर हात सुटले असते. मग वाकायचंच नाही, असं ठरवलं. ब्रेक मारताना पाय आणखी आत नेऊन डाव्यावरच टाकायचा. महिनोन् महिने उजव्यावर पडणाऱ्या पायाला एका फेरीत नवी सवय लावायची होती. दोनदा चुकला, दोनदा गवतात गेले. तिसऱ्यांदा बरोबर पडला. मग चुकला नाही. एकाला गाठलं, मग दुसऱ्याला. नगमा माझ्या कानाशी ओरडत होती, काय ते मला आठवत नाही. शेवटच्या वळणावर मी पहिल्याच्या मागच्या चाकाला चाक लावलं होतं. रस्ता आणखी थोडा असता तर पुढे गेले असते. नव्हता. मी दुसरी आले.

"कडी किसने खोली?" नगमा किंचाळली. 

बाबा उठून उभे राहिले. "म्या उघडली." मग संयोजकांकडे वळले. "वळणं दिसली मले. एवढी वळणं, आन कडी लावलेली. वाटलं, पोरगी इसरली. चूक माही हाय, तिची नाई. तिले पुन्हा चालवू द्या."

संयोजक भले होते, पण म्हणाले की यंत्र सांभाळणं ज्याचं त्याचं काम, निकाल बदलणार नाही. मला रडू आलं. मला रडायचाच राग येतो, म्हणून आणखी आलं. 

संध्याकाळी नगमा सामान घेऊन अकोल्याच्या गाडीत बसली. मी बाबांसोबत एसटीने गावी निघाले. बडनेरा मागे पडेपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. मग बाबा म्हणाले, "पयली नाई आली तू. मी शब्द देल्ला होता तो पयलीचा. चावी तुया हातात नाई देनार."

"नका देऊ," मी म्हटलं. माझा राग अजून गेला नव्हता. पण मघापासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती, ती विचारल्याशिवाय राहवेना. "बाबा, कडी कुठं उघडतात?"

"वावरात."

"रस्त्यावर?"

"रस्त्यावर कोन उघडन? उलटन ना."

"मंग आज तुमी ती उघडली तेव्हा तुमाले मी कुठं दिसली? वावरात, ट्रॅक्टरवरच ना?"

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. 

सकाळी आईने मला हलवून उठवलं. "तुये बाबा हाका मारून राहिले. भाएर जाय."

अंगणात ट्रॅक्टर होता, मागे रोटावेटर जोडलेला. सीट रिकामी होती. बाबा मडगार्डवर बसले होते, दुखरा गुडघा लांब करून, जिथे मी डबे घेऊन बसायचे तिथे. करदोडा मोकळा होता. चावी स्विचमध्ये लावलेली होती.

"हातात नाई देत म्हटलं होतं," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "लावून ठेवली."

मी चढले. शेजारच्या ओसरीवर चहाचे कप हातात धरून माणसं उभी होती, दिवाळीत हसलेली चारही. मी आधी वाकून कडी लावली. मग क्लचवर पाय ठेवला आणि दाबला. तो चाचांच्या शेडमधल्या क्लचपेक्षा थोडा मऊच निघाला. बाबा माझ्या पायाकडे बघत होते. तो तळापर्यंत गेला, आणि त्यांनी मान वळवली.

गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यांनी दोनदा "हळू" म्हटलं, एकदा "बैल येऊन राह्यला" म्हटलं, बाकी काही नाही. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेलं आमचं काळं वावर समोर आलं. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधापाशी, मी ट्रॅक्टर थांबवला.

बाबा कसेबसे मडगार्डवरून वाकले. त्यांचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"उघडू का?" त्यांनी विचारलं.

माझ्या बापाने आयुष्यात मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"उघडा," मी म्हटलं.