न थरथरणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. पितळी अंग, गोल चेहरा आणि चेहऱ्यावर एकच काटा. कारखान्याच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती आहे, हे सांगणं माझं काम. वाफ खेळती असली की माझा काटा सतत थरथरायचा. बॉयलर सांभाळणारे मामा येताजाता माझी काच पुसत म्हणायचे, "हा गडी कधी दगा देत नाही." ते ऐकून मी फुलून जायचो.

पुढे त्यांची सख्खी भाची तिथेच मोजमापाची यंत्रं सांभाळणारी शिकाऊ इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर म्हणून लागली. लहानपणी तिने घरातलं एकही घड्याळ धड ठेवलं नव्हतं! एके सकाळी मला तपासायला काढावं म्हणून तिने माझ्याखालची, वाफ माझ्यापर्यंत आणणारी छोटी झडप बंद केली. तेवढ्यात साहेबांची हाक आली. पडद्यावर दाब दाखवणारं नवं उपकरण बसवायचं होतं. ती धावली आणि झडप तशीच राहिली. आत कोंडलेल्या दाबाने माझा काटा होता तिथेच थिजला.

दुपारी पडद्यावरचा आकडा चढू लागला. साहेब म्हणाले, "तुझं नवं यंत्र चुकतंय. मामांचा काटा बघ, जागच्या जागी आहे." ती बॉयलरपाशी आली. मामा आग वाढवायच्या बेतात होते.

"मामा, काटा हलतोय का?"

"छे गं, कसा शहाण्यासारखा उभा आहे!"

वाफ खेळती असताना काटा स्थिर? तिला सकाळची झडप आठवली. "आधी आग कमी करा! झडप मीच बंद करून गेले होते."

मामांनी लगेच आग उतरवली. तिने हळूहळू झडप उघडली, तसा माझा काटा धोक्याच्या लाल रेषेला जाऊन भिडला आणि पुन्हा थरथरू लागला.

जरा वेळाने मामा हळूच म्हणाले, "पोरी, तुझी नोकरी अजून कच्ची आहे. झडप माझ्याकडून बंद राहिली, असं सांगतो."

"नको मामा. मग उद्या माझ्या कुठल्या काट्यावर तुम्ही भरवसा ठेवाल?"

ती स्वतः साहेबांकडे गेली. बोलणी पोटभर खाल्ली, पण नोकरी टिकली. माझ्या मते ती इंजिनिअर झाली ती त्याच दिवशी.

आता कामातून सुटून मी तिच्या टेबलावर असतो, काटा शून्यावर टेकवून. मामा निवृत्त झाले. त्यांची फार आठवण येते. मित्रांनो, आमची काच जरूर पुसा, पण खालची झडपही उघडी आहे ना, ते बघा. आमच्यापर्यंत खरं पोचलं, तरच आम्ही तुम्हाला खरं सांगू शकतो.