बापाची रजा

रुचिरला तीन महिन्यांची बापाची रजा मिळणार म्हटल्यावर मस्कतच्या मराठी बायकांत केवढी चर्चा झाली म्हणता! त्याची कंपनी स्वीडनची. तिकडे म्हणे बाप तान्ह्या पोरांना बाबागाडीत घालून भर दुपारी बागेत हिंडतात आणि कुणी हसत नाही. तोच नियम कंपनीनं जगभर लावला, त्यात मस्कतमधल्या अल् खुवैर भागातलं ऑफिसही आलं. मूल वर्षाचं होईपर्यंत कधीही घ्या, भरपगारी. अट एवढीच, की त्या दिवसांत मूल बापानं सांभाळायचं. "नशीब काढलंस गं सावनी," जी ती म्हणायची. कसलं नशीब! नियम करणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त आपल्याकडचं माहेरचं बाळंतपण त्यांना ठाऊक नव्हतं.

सावनी इंजिनिअर. अल् खुवैरलाच दुसऱ्या एका कंपनीत पुलांची कामं करायची. निझवाच्या वाटेवर एका वादीवर पूल व्हायचा होता. वादी म्हणजे एरवी कोरडा ठणठणीत ओढा, आणि डोंगरात पाऊस झाला की गाड्या वाहून नेणारा. त्या पुलाचं डिझाइन सावनीचं. आता साइटवर उभं राहून तो बांधूनही तिनंच घ्यायचा, असं तिचे साहेब मुस्तफा यांनी कबूल केलं होतं. फक्त बाळंतपणाची रजा संपली की त्या रविवारी हजर व्हायचं, कारण काम थांबणार नव्हतं. "येतेच," सावनीनं छातीठोकपणे सांगितलं. "माझी रजा संपली की नवऱ्याची सुरू होते." हे सांगताना तिला नवऱ्याचा काय अभिमान वाटला होता! बाई, बोलून बसली खरी.

पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरीच, ते काय सांगायला हवं? सावनी पुण्याला आईकडे गेली. मुलगी झाली, शिवांगी. बातमी कळताच रुचिर आला आणि तिथेच राहिला. "ऑफिसनं सोडलंय मला," तो म्हणाला. सकाळी लॅपटॉप उघडून बसायचा, म्हणून सावनीला वाटलं, घरून काम चाललंय. मालिशीला बाई होती, आजी दिवसरात्र पोरीला पायांवर घेऊन बसलेली. जावयाला लंगोट बदला म्हणून कोण सांगणार? लेकीला डिंकाचे लाडू, तर जावयाला गरम गरम पुरणपोळी. त्यानं पोरीचे भरपूर फोटो काढले आणि उरलेल्या वेळात वाकडच्या नव्या फ्लॅटचं फर्निचर करून घेतलं. सगळे म्हणाले, बघा, बायकोपाशी कसा राहिलाय!

तिघं मस्कतला परतली. रविवारी रुजू व्हायचं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी सावनी त्याला समजावत होती.

"दूध काढून फ्रीजमध्ये ठेवीन. बाटली पटकन घेत नाही ती, जरा गाणं म्हणत बस."

रुचिर फोनमध्ये बघत होता. "सावनी, मलाही रविवारी जॉइन व्हायचंय."

"तू कशाला? तुझी रजा रविवारपासून ना?"

"ती संपली अगं. पुण्यात होतो ना मी, तीच ती."

सावनीला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. मग त्याचा चेहरा बघितला.

"आई म्हणाली, बाळ झाल्याची रजा बाळ झाल्यावरच घ्यावी. मागाहून मागितली आणि नाही म्हणाले तर? मला पटलं. आणि खरं सांगू, मला वाटलं तू काही एवढ्यात कामावर जाणार नाहीस."

"तुला वाटलं! मला विचारलंस?"

"तू बाळंतीण होतीस. तुझ्या डोक्याला कशाला ताप?"

सावनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रजा गेली याचं तर दुःख होतंच, पण हा माणूस लग्नाला सहा वर्षं होऊनही आपलं काम म्हणजे वेळ घालवायचा उद्योग समजत होता, हे तिला त्या क्षणी कळलं. ती ओरडली, रडली. शिवांगीही रडायला लागली, मग सावनीलाच गप्प व्हावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना फोन लावला. नूतनताई म्हणाल्या, "पोरगी मोठी होऊ दे गं. नोकऱ्या काय पळून जातात?" मग आईला लावला. "तीन महिने तुम्हा तिघांचं केलं गं मी," आई म्हणाली. "कंबर धरलीये माझी. आता नाही होत." आईचं काही चूक नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. पाळणाघरवाली म्हणाली, सहा महिन्यांची झाली की आणा. घरी ठेवायला बाई आणायची, तर तिचा व्हिसा होईपर्यंत पुलाचे खांब उभे राहिले असते.

"तुझी वार्षिक रजा घे," ती रुचिरला म्हणाली.

"तीन महिने बाहेर होतो, आल्या आल्या परत रजा? प्रमोशन विसरायचं का मी?"

रविवारी ती शिवांगीला खांद्यावर घेऊनच ऑफिसात गेली. मुस्तफासाहेब भला माणूस. त्यांनी पोरीच्या गालाला हात लावला, चहा मागवला. बिनपगारी रजा हवी तेवढी घे, म्हणाले.

"आणि पूल?"

"पूल यूनुस बघेल."

यूनुस तिच्याच ऑफिसातला इंजिनिअर, त्याला तीन पोरं. ती कोण सांभाळतं, हे आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं. सावनीनंही नव्हतं विचारलं.

दोन महिन्यांनी तिनं फोन केला, तर तिच्या जागी माणूस घेतलेला. नवं काम आलं की बोलावू, इन्शाल्ला, असं उत्तर मिळालं. तिचा व्हिसा रद्द झाला आणि ती रुचिरच्या व्हिसावर आली. त्याच्या आईनं पेढे वाटले नाहीत एवढंच.

त्यानंतर स्वीडनहून कंपनीच्या मोठ्या बाई आल्या. हॉटेलात समारंभ ठेवला, आखातात बापाची रजा घेणाऱ्या पहिल्या माणसाचा सत्कार. रुचिर शिवांगीला घेऊन स्टेजवर चढला, सावनी पहिल्या रांगेत. बाई फार मनापासून बोलल्या. आमच्याकडेही हे एका दिवसात झालं नाही, म्हणाल्या, आमच्या आज्यांनी त्यासाठी आयुष्यं घालवली. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. सावनीला वाटलं, हिच्या गळ्यात पडून सगळं सांगून टाकावं.

तेवढ्यात बाईंनी तिच्याकडेच बघितलं. "आणि तुम्ही? तुम्ही कामावर परत कधी गेलात?"

कुणीतरी माइक आणून दिला. स्टेजवर रुचिरचा चेहरा पांढराफटक पडला. रजेच्या दिवसांत मूल मीच सांभाळलं, असं त्यानं कंपनीला सांगितलेलं. ते खोटं ठरलं तर त्याची नोकरी राहिली नसती, आणि आता त्या नोकरीवरच तिघं या देशात राहत होती. सावनीला त्याची दया आली नाही. तिला नुसती भीती वाटली, आणि आपल्याला भीती वाटतेय याची लाज वाटली.

"रजा संपली त्याच रविवारी," ती म्हणाली.

सगळा हॉल उभा राहिला. बाई टाळ्या वाजवत होत्या, शेजारच्या खुर्चीवरचा एक जण वा वा म्हणत होता. त्या आवाजानं शिवांगी दचकली आणि तिनं भोकाड पसरलं. रुचिरनं वाकून तिला स्टेजवरून खाली सावनीच्या हातात दिलं आणि तो परत फोटोसाठी बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला.