भिंगरीच्या तोंडातली कवळी

मित्रांनो, कवळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर एखादे आजोबा येतात, वाटीभर पाणी येतं आणि तुम्ही नाक मुरडता. मुरडा, मला सवय आहे. मी एक जुनी कवळी आहे खरी, पण आजोबांची नाही. सात वर्षांच्या मुलीची. गुलाबी टाळू, दोन बारीक तारा आणि पुढचे दोन दात, एवढाच माझा संसार. आता तर मी दोन तुकड्यांत आहे. ते कसं झालं, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत झाला. तिथल्या कारागिराने एका लहानशा तोंडाच्या प्लास्टरच्या ठशावर मेण लावलं, मेणात दोन दात बसवले, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक ओतलं. मला घासून घासून त्याने चकचकीत केलं आणि शेवटी उजेडाकडे धरून म्हणाला, "खऱ्याला लाजवेल." कौतुक फार वाईट असतं, मित्रांनो. ते माझ्या डोक्यात जे शिरलं, ते पुढे निघालंच नाही.

जिच्यासाठी मी घडले, तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी थांबत नसे. तिचे पुढचे दोन दुधाचे दात नुकतेच पडले होते आणि लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धा तोंडावर आल्या होत्या. तिथे पाच-सात वर्षांच्या मुलींना झालरींचे झगे, खोट्या पापण्या आणि कुरळ्या केसांचे टोप चढवून व्यासपीठावर चालवतात, वळवतात आणि हसवतात. बोळकं हसू घरी गोड दिसतं, परीक्षकांना दिसत नाही. म्हणून मी.

भिंगरीची आई पार्लरमध्ये केस कापायची. दिवसभर उभी राहून पाय सुजायचे, तरी घरी आल्यावर लेकीचे झगे स्वतः शिवायची. तिचा पुढचा एक दात तिरका होता. हसताना तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. "माझ्या पोरीनं तोंड झाकून हसायचं नाही," असं ती आजोबांना सांगायची. आजोबा म्हणजे तिचे वडील. ते म्हणायचे, "अगं, दात पडलेत तिचे. नाक नाही पडलं." पण लेकीपुढे त्यांचं काही चालत नसे.

माझे सुखाचे दिवस चारच महिने टिकले. मी नसले की भिंगरी बोबडं बोलायची. 'साखर' म्हणायला जायची आणि 'थाखर' म्हणायची. मी बसले की 'स' कसा खणखणीत यायचा. तो 'स' माझा होता आणि मला त्याचा केवढा तोरा होता! आरशासमोर ती पाठ केलेलं उत्तर म्हणायची, "सगळ्यांनी सदैव हसत राहावं, असं मला वाटतं." आई म्हणायची, "शाब्बास." मला वाटायचं, मलाच म्हणतेय.

पण खोटं कशाला सांगू, माझा स्वभाव मुळात चांगला नाही. आधीच्या स्पर्धेत मिळालेल्या मुकुटाला कापसात गुंडाळून ठेवायचे आणि मला वाटीत, आजोबांच्या अख्ख्या कवळीशेजारी. माझ्या पोटात दुखायचं. पापण्यांचं कौतुक झालं की मी जळायचे. त्या तर डोळे मिटले की खाली वाकायच्या, काम काहीच नाही. दात-ओठ खावेत म्हटलं, तर मला ओठही नव्हते.

मग एके सकाळी आईने मला बसवलं आणि मी डुगडुगले. माझ्याखाली काहीतरी टोचत होतं. भिंगरीने मला काढून वाटीत टाकलं, जिभेने चाचपलं आणि ओरडत आजोबांकडे धावली, "आजोबा, आला! दात आला!" आजोबांनी चष्मा लावून पाहिलं. मीही वाटीतून पाहिलं. काय तो अवतार, मित्रांनो! अर्धाच बाहेर आलेला, पिवळसर, आणि कडेला करवतीसारखे दाते. आणि ती मुलगी दिवसभर आरशात त्याच्याकडे बघत बसली. मला तिने चार महिन्यांत एकदाही असं पाहिलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आता ही कवळी बंद. दाताला सरळ वाट दिली नाहीत, तर तो वाकडी काढेल."

"एकच स्पर्धा राहिलीय हो," आई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात. टीव्हीवाले येणारेत."

"मी सांगायचं ते सांगितलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दोन दिवस आईने मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा पाण्यातून काढलं. मी इतकी खूश झाले की काही विचारू नका. तो दात खाली दबला जातोय, हे मला कळत होतं. मी तारा आवळून घट्ट बसत होते. वाकू दे मेल्याला, असं मनात म्हणत होते. दुखत होतं ते त्याला नाही, भिंगरीला, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. की आलं होतं आणि मी तिकडे काणाडोळा केला, कोण जाणे.

स्पर्धेच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत माणसांची, आरशांची आणि केसांच्या फवाऱ्याच्या वासाची नुसती गर्दी. टीव्हीची एक ताई कॅमेरा घेऊन आमच्यासमोरच बसली. लहान सुंदरी आणि त्यांच्या आया, असा तिचा कार्यक्रम होता. मी नीट बसत नव्हते, म्हणून आईने आजोबांची कवळी चिकटवायची पेस्ट माझ्या टाळूला लावली आणि दोन्ही अंगठ्यांनी मला दाबलं. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय का गं?" आईने विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली. आईने तीन आठवडे बसून शिवलेला झगा तिच्या अंगात होता.

आई तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दात काय, नंतरही येईल नीट. नंतरही येईल. पण तुला दुखत असेल तर आत्ता घरी जाऊ. झगा गेला उडत." भिंगरीने झगा घट्ट धरून मान हलवली. नको.

"मस्त," टीव्हीवाली ताई म्हणाली. "ते पहिलं वाक्य परत म्हणाल का? जरा ठासून. मागे आवाज होता."

आईने भाबडेपणाने ते परत म्हटलं. ठासून.

भिंगरीला मुकुट नाही मिळाला. तिला 'सर्वांत गोड हसू' असं छापलेला खांद्यावरचा पट्टा मिळाला. बक्षीस माझं होतं, मित्रांनो! परीक्षक जे बघून गहिवरले ते माझे दोन दात होते. घरी येईपर्यंत मी हवेत होते. त्या रात्री भिंगरी जेवली नाही, नुसतं दूध प्यायली.

पुढे दोन महिन्यांनी रविवारी सकाळी तो कार्यक्रम लागला. माझं काम संपलं होतं तरी माझी वाटी फळीवर तशीच होती. मी सज्ज होऊन बसले. आता अख्खं जग मला बघणार होतं.

आणि काय दाखवलं? दात! तोच करवतीचा दात, पडदाभर मोठा, मागे रडकं व्हायोलिन. मग आईचे अंगठे, भिंगरीचे पाणावलेले डोळे, आणि आईचा चेहरा. "दात काय, नंतरही येईल." एवढंच. घरी जाऊ म्हणाली होती, ते कुठेच नव्हतं. मी दिसले ती डोळे मिचकावण्याइतकाच वेळ, तीही एखाद्या चिमट्यासारखी दुष्ट. ते हसू माझं होतं, पण कोणी माझं नावही घेतलं नाही. सुरुवातीला मला त्याचंच वाईट वाटलं, हे कबूल करते.

आजोबांनी टीव्ही बंद केला. आई हलली नाही. पार्लरमधून एका बाईचा फोन आला, तिने तो उचलला नाही. "मी अशी आहे का हो बाबा?" एवढंच म्हणाली.

भिंगरी उठली. स्टूल ओढून तिने फळीवरून मला काढलं आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. "मी त्यांना थांगते आई, दुखत नव्हतं. हे बघ." आणि तिने मला तोंडात घातलं.

एव्हाना दात पुरता बाहेर आला होता. माझ्यासाठी जागाच उरली नव्हती. तिने दोन्ही अंगठे लावले, अगदी आईसारखे, आणि दाबलं. मित्रांनो, इतके दिवस मला हेच हवं होतं. त्याला बाजूला सारून तिने मला निवडावं. तिने निवडलं, आणि माझी तार तिच्या हिरडीत घुसली. रक्ताची चव मला पहिल्यांदाच कळली. त्या क्षणी मला तिथून सुटायचं होतं आणि मला हलताही येत नव्हतं.

आईने तिचे हात धरले. हळूच मला बाहेर काढलं. "दुखत होतं ना?" तिने विचारलं. भिंगरीने मान हलवली. हो.

"मला माहीत होतं गं," आई म्हणाली. टीव्हीलाही जे दाखवता आलं नव्हतं ते हेच होतं, आणि तिने ते स्वतःच्या तोंडाने लेकीला सांगितलं. मग तिने मला दोन्ही हातांत धरलं आणि काडकन मोडलं. मला दुखलं नाही. मी खोटीच आहे.

तेव्हापासून मी बटणांच्या डब्यात आहे, दोन तुकड्यांत. माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. मुलाच्या तोंडात जागा रिकामी दिसली, तर ती रिकामी राहू द्या. ती कोणासाठी तरी राखलेली असते. आणि मूल 'दुखत नाही' म्हणालं, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका, त्याच्या डोळ्यांत बघा.

मी सुधारले, असं मात्र समजू नका. डबा उघडा राहिला की मला भिंगरीचं हसू दिसतं. दात थोडा तिरका आला आहे आणि तो माझ्यामुळे तसा आला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मला त्याचा हेवा वाटतो. परवा शेजारची एक मुलगी तिला म्हणाली, "तुझा दात वाकडा आहे." भिंगरी म्हणाली, "असू दे. माझा आहे." चार महिने मी तिच्या तोंडात राहिले, पण मला ती कधी 'माझी' म्हणाली नाही.