खळ घातलेला एप्रन

चित्रासाठी बसायला बोलावलं म्हणून हेस्टर क्रम्पनं एप्रनला नीळ दिली, खळ घातली, वर कडक इस्त्री मारली. लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या गल्लीत वीस वर्षं लोकांचे कपडे धुणारी बाई ती. चारचौघांसमोर मळकी कशाला जाईल? तिला बघून चित्रकार फेनविकसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"बाई, मला भिकारीण हवी आहे!"

आणि तपकिरी रंगाचा बोळा त्यांनी सरळ तिच्या एप्रनवर फासला. पण घरात कोळशाचा खडा नव्हता, म्हणून हेस्टरनं राग गिळला.

चित्र असं होतं: हवेलीच्या पायरीवर रेशमी झग्यातली मालकीण पाव देते आहे आणि खाली गुडघे टेकून भिकारीण हात पसरते आहे. मालकीण झाली होती लेटी, हेस्टरच्याच गल्लीतली, शिवणकाम सुटलेली पोर. झगा भाड्याचा. पाव सोमवारचा, चित्र पुरं होईपर्यंत त्याला कुणी शिवायचं नव्हतं.

हेस्टरनं गुडघे टेकले, पण मूठ काही उघडेना.

"तळवा वर, बाई."

"ते नाही जमायचं, साहेब. हे चित्र छापून दुकानाच्या काचेत लागणार ना? माझी गिऱ्हाइकं रोज तिथूनच जातात. घाणेरड्या एप्रनची, हात पसरलेली परटीण बघून मला धुणं कोण देईल?"

"अहो, तुमचा चेहरा ओळखतंय कोण?"

"मी ओळखीन की!"

साहेब चिडले. हात शेवटी काढू म्हणाले. गुरुवारी बाकी सगळं झालं, राहिला तो एवढा तळवा.

"आज हात पसरायचा, नाहीतर चारही दिवसांची मजुरी विसरायची," त्यांनी बजावलं.

हेस्टरनं दात आवळले. बोटं सुटायलाही लागली होती. तेवढ्यात वरून आवाज आला, "मावशी, अंधारी येतेय गं..." आणि रेशमासकट लेटी पायरीवरून कोसळली.

हेस्टरनं धावत जाऊन तिच्या झग्याच्या नाड्या सैल केल्या.

"कधी जेवलीस, भवाने?"

"मंगळवारी. झगा बसत नव्हता, मग साहेब म्हणाले, नकोच खाऊस."

हेस्टरनं तो पाव उचलला, गुडघ्यावर आपटून मोडला, साहेबांच्याच चहात बुडवला आणि लेटीच्या तोंडात घातला.

"माझा पाव!" साहेब किंचाळले. "त्याची सावली काढायची राहिलीय!"

"आता पोटात गेला. तिथं सावलीच आहे."

मळक्या एप्रनची बाई रेशमातल्या पोरीला घास भरवते आहे, हे साहेब डोळे बारीक करून बघत राहिले. मग मान हलवली.

"छे! असं काढलं तर यात गरीब कोण, हे लोकांना कळणार कसं?"

"तुम्हाला तरी कुठे कळलंय, साहेब?"

मजुरीवर पाणी सोडून ती उठली. कोपऱ्यातल्या नळाखाली एप्रन घासघासून धुतला, पिळला आणि तसाच ओला कमरेला बांधला. लेटीनं रेशीम उतरवून आपला ठिगळाचा घागरा चढवला. चित्रासाठी येणाऱ्या बायकांना मागचा जिना होता. हेस्टरनं लेटीचा हात धरला आणि पुढचं दार उघडलं.

दुकानाच्या काचेत पुढे ते चित्र लागलं. भिकारणीला हात कुण्या दुसरीचा होता, गोरा आणि मऊ. ही तूच का, असं गिऱ्हाइकांनी विचारलंच, तर हेस्टर साबणानं फाटलेले आपले तळवे पुढे करायची.

"बघा बरं, हे हात तसे दिसतात का?"