ढब्बूची हाक

"मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावायचा नाही. आणि मेला हे लपवायचं तर मुळीच नाही. लपवलं की आजार घरोघर हिंडतो. कळवायचं, लगेच." क्लबवर येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरबाई हे इतक्यांदा सांगायच्या, की मुलं त्यांच्या पाठीमागे कमरेवर हात ठेवून नक्कल करायची. पुढे बाईंची बदली झाली. त्यांचा आवाज मात्र आमच्या ढब्बूच्या डोक्यात घर करून राहिला.

ढब्बू म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी. पाळण्यात होती तेव्हा गुबगुबीत होती, म्हणून हे नाव पडलं. आता नुसती काडी झाली आहे, तरी नाव काही सुटलं नाही. शाळेमागच्या जुन्या गोदामात मुलांचा क्लब भरतो. खाली ससे आणि कोंबड्या, वर माळ्यावर तारा-मोटारींचं टेबल, आणि शनिवारी पुढारपणाचा तास. दादा म्हणायचा, "सकाळी विष्ठा काढायची, दुपारी स्क्रू पिळायचे, संध्याकाळी भाषण ठोकायचं. आमची पोर मंत्रीच होणार!"

"मंत्री विष्ठा काढत नाहीत, बाबा," ढब्बू म्हणायची.

"तेच तर चुकतं त्यांचं."

खुराड्याचं दार तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून केलं होतं. त्या मैत्रिणीचं नावच सगळ्यांनी स्क्रू पाडलं होतं. दाराला उजेड ओळखणारा एक डोळा बसवला होता. उजाडलं की दार आपोआप वर सरकायचं, अंधारलं की खाली यायचं. पहिल्याच दिवशी आभाळ भरून आलं आणि भर दुपारी दार बंद झालं. बाहेर राहिलेल्या कोंबड्या दारापुढे ताटकळत उभ्या, जशा काही बसच चुकली. मग दोघींनी त्याला थोडं थांबायला, खात्री करून घ्यायला शिकवलं. तेव्हापासून ते कधी चुकलं नव्हतं.

माझ्या वाट्याला कोंबड्यांचं पाणी होतं. सकाळचा नेम होईपर्यंत मी बोलत नाही. नेम झाला की गोदामात जायचं, भांडी घासून ताजं पाणी भरायचं. मी अंडं खात नाही, पण कोंबड्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. पाणी बघितलं की पायांत यायच्या. हाकेला मात्र फक्त ढब्बूच्या यायच्या. ती संध्याकाळी "ती ती ती, चला गं बायांनो" म्हणाली, की असतील तिथून पळत सुटायच्या. मास्तरीण नावाची कोंबडी सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, जणू मागे अख्खा वर्ग आहे.

त्या सकाळी मास्तरीण खुराड्याच्या कोपऱ्यात पडलेली होती. तुरा निळा-काळा पडला होता. आदल्या दिवशी ती दाणे टाकूनही जागची हलली नव्हती. ढब्बूनं माझा हात मागे ओढला. "आत्या, हात नको लावूस."

क्लबचे व्यवस्थापककाका आले. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "उकाड्यानं गेली असेल. खड्डा खणू, विषय संपला. क्लबचं प्रदर्शन तोंडावर आलंय, उगाच बोभाटा नको."

ढब्बू माझ्याकडे वळली. "कळवू ना, आत्या?"

"खरं आहे ते सांग," मी म्हणाले. "पुढचं देव बघेल." दुसरं काय सांगणार? लहानपणापासून तिला तेच सांगत आले होते.

तिनं गुरांच्या सरकारी दवाखान्यात फोन करून कळवलं. सरकारी माणसं आली, नमुने घेऊन गेली. काही दिवसांत निकाल आला. साथीचाच आजार होता. मग आम्हांला कळलं, की आजारी कोंबड्याच नव्हे, क्लबच्या साऱ्याच कोंबड्या मारणार. आणि तेवढ्यावरही थांबणार नाही. आसपासच्या गल्ल्यांत ज्याच्या घरी म्हणून कोंबडी, बदक, कबूतर असेल, ते सगळं.

ढब्बू कागद वाचून झाल्यावर म्हणाली, "पण राणी बरी आहे. लंगडीही बरी आहे. सकाळी लंगडीनं अंडं दिलं."

दादानं तिच्या हातातून कागद घेतला आणि त्याची घडी घातली.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्यांच्या मागच्या अंगणात बदकांची जोडी आहे. मूलबाळ नाही, काका गेले, तेव्हापासून त्या बदकांशी बोलत मशीन चालवतात. निकाल लागला त्या दिवशी त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. गळ्यातली मोजपट्टी तशीच होती.

"झालं का समाधान?" त्या ढब्बूला म्हणाल्या. "फार शहाणी! एक कोंबडी मेली तर जग बुडत नव्हतं. आता माझ्या बदकांनी तुझं काय घोडं मारलं होतं गं?"

ढब्बू खाली बघत राहिली.

"पोर आहे हो ती," मी म्हणाले.

"पोर म्हणे! फोन करताना पोर नव्हती ना?"

  त्या रागानं बोलत होत्या, पण डोळे पुन्हा पुन्हा आपल्या अंगणातल्या बदकांकडे वळत होते. त्यांना दोष कसा देणार? आणि हिला तरी कसा द्यायचा? देवासमोर बसले तर काय मागावं तेच कळेना. आजार नसू दे म्हणावं, तर तो होता. कोंबड्या वाचू दे म्हणावं, तर उद्या कुणाच्या घरात काय शिरेल कोण जाणे. नुसते हात जोडून बसले.

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर सरकारी गाडी आली. कोंबड्या एकदा खुराड्यात बसल्या की हलत नाहीत, पकडायला सोपं जातं, म्हणून मुद्दाम तीच वेळ धरली होती. मुलांना घरी पाठवलं होतं. ढब्बू मात्र कोपऱ्यातल्या बाकावर बसून होती, उठायला तयार नव्हती. दादा आणि मी तिच्या दोन बाजूंना.

अंधारून आलं, दार खाली आलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आणि गाडी फाटकातून आत वळली. तिचे मोठे दिवे सरळ खुराड्यावर पडले. माणसं उतरून अंगात पांढरे पोशाख चढवत होती, हातमोजे शोधत होती, दिवे तसेच चालू होते.

दाराची मोटार गुरगुरली.

"अरे, बंद करा!" ढब्बू ओरडून उठली. "दिवे बंद करा! त्याला वाटतंय सकाळ झाली!"

चालक गोंधळला. दिवे मालवेपर्यंत दार वर गेलं होतं. राणी बाहेर आली. मग लंगडी, मग बाकीच्या, रोजच्यासारख्याच अंग झाडत, एकेक पाय ताणत. पांढरी माणसं पुढे सरली तशा बिथरल्या आणि सैरावैरा झाल्या. एक लाकडांच्या ढिगामागे, एक पत्र्याखाली, दोन भिंतीच्या कडेला. माणसं पकडायला धावायची आणि रिकामे हात घेऊन परत यायची.

सरकारी डॉक्टर तरुण होता. दिवसभर हेच करून आला असावा, डोळे लाल झालेले. त्यानं मास्क खाली ओढला आणि विचारलं, "कुणाच्या हाकेला येतात का ह्या?"

 दादानं ढब्बूकडे पाहिलं.

"मी बोलावते," मी म्हणाले आणि पुढे झाले. "ती ती ती." कुणी हललं नाही. पुन्हा हाक मारली. पत्र्याखालून एक डोळा चमकला, तेवढंच. पाण्याचं भांडं हातात घेऊन वाजवलं, तरी नाही. माझी वेळ सकाळची होती. संध्याकाळी त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"राहू दे, आत्या," ढब्बू म्हणाली.

"तू घरी चल," दादा तिचा दंड धरून म्हणाला. "ह्यांचं काम ह्यांना करू दे."

"बाबा, हे असेच धावले तर त्या रात्रभर घाबरून पळतील. पाय मोडतील." तिनं दंड सोडवून घेतला.

डॉक्टरनं आधी नाही म्हटलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि एक पोशाख दिला. तो तिला एवढा मोठा झाला, की बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्या लागल्या. एरवी दादा त्यावर काहीतरी बोलला असता. तिनं आधी दाराच्या डोळ्याची तार काढली. मग खुराड्यात जाऊन खाली बसली. त्या पांढऱ्या कपड्यांत, मास्क लावलेल्या तिला मीही ओळखलं नसतं.

"ती ती ती," ती म्हणाली. आवाज मास्कमध्ये घुमला. "चला गं बायांनो. चला घरी."

लाकडांमागून राणी निघाली, मान वाकडी करून ऐकत. मग पत्र्याखालची. लंगडी सगळ्यांत शेवटी, उड्या मारत. एकेक करून तिच्याजवळ गेल्या. तिनं प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला, बाहेर आली आणि हातानं दार खाली लावलं.

"दुखतं का त्यांना?" तिनं डॉक्टरला विचारलं.

"लवकर होतं," तो म्हणाला आणि मास्क वर ओढून घेतला.

आम्ही फाटकाबाहेर आलो. तिथे काकू उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. कुंपणातून त्यांनी सगळं बघितलं होतं. बराच वेळ त्या मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"माझ्याकडे उद्या सकाळी येणारेत," त्या म्हणाल्या. "नर फार भित्रा आहे गं. ती पांढरी भुतं बघून पंख मोडून घेईल. आणि माझ्यानं... माझ्यानं नाही धरवणार."

"मी येईन, काकू."

"खरंच?"

"त्यांच्या आधी येईन. दोघांना मी धरीन."

काकूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. दादा म्हणाला, "तुला वेड लागलंय का? आज झालं तेवढं पुरे नाही?" मग तोच तोंड फिरवून पुढे चालू लागला.

रात्री ती जेवली नाही. अंघोळ करून आली आणि नखं घासत बसली, पुन्हा पुन्हा. मी तिच्या केसांना तेल लावलं. "आत्या," ती मध्येच म्हणाली, "त्या आल्या गं. मी बोलावलं म्हणून आल्या." मी तिचं डोकं पोटाशी धरलं. 

सकाळी मी नेमाला बसले होते. तेव्हा ती उठली. अजून नीट उजाडलंही नव्हतं. तिनं जुना सदरा चढवला, केस बांधले, हातमोज्यांची पिशवी उचलली. दादा आपल्या अंथरुणात जागाच होता, मला दिसत होतं, पण त्यानं तिला अडवलं नाही. मीही मौनात होते. मौनात नसते तरी थांब म्हणाले नसते, आणि जा म्हणायलाही जीभ वळली नसती.

दाराशी तिनं चपला हातात घेतल्या, कुणाची झोप मोडू नये म्हणून. कडी अलगद काढली. काकूंच्या घरी दिवा लागलेला होता. ती त्या दिव्याच्या दिशेनं चालू लागली.