कोरा दंड

पुंजाजी टोचणीवाला वस्तीत शिरला की माणसं जयभीम घालायच्या आधी बाही वर करत. दंडावरचा देवीच्या टोचणीचा वण दाखवायचा, म्हणजे आमचं झालं, पुढच्या घरी जा. ही सवय त्यानेच पंधरा वर्षांत लावली होती. पुढे देवीचा रोग गेला, पण सवय काही गेली नाही.

एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात तो डांग्या खोकल्याची लस घेऊन आला, तरी लोक आपले बाह्याच वर करत बसले. घसा सुकेपर्यंत त्याने सांगितलं, की हा रोग निराळा आहे, एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या पोरात शिरतो. सुई महिन्या-महिन्याने तीनदा घ्यावी लागते आणि तिचा वण पडत नाही. वण पडत नाही म्हटल्यावर बायका हसल्याच. ज्याची खूण नाही ती सुई कायले टोचाची, असं भागिरथाबुढीने विचारलं. तरी चार-पाच घरांनी पोरं पुढे केली.

पुंजाजीचा जीव मात्र एकाच दाराशी अडकला होता. ते दार जगदेवचं. जगदेव त्याच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, त्यानेच खांद्यावर खेळवून वाढवलेला. तीन वर्षांपूर्वी, आणीबाणीत, नसबंदीसाठी किती माणसं आणायची याचा आकडा वरून आला होता. आकडा भरला नाही तर नोकरी जाणार होती. एक माणूस कमी पडला, तेव्हा पुंजाजी भाच्याला म्हणाला, "देवी पुन्हा काढाची हाय. बस जीपीत."

मामाचा शब्द. जगदेवने जीपमध्ये बसता बसताच बाही वर केली. संध्याकाळी तो शिबिरातून परतला तो कमरेत वाकून. त्याची बायको गंगू तेव्हा चार महिन्यांची पोटुशी होती. तिला नागसेन झाला, पहिला आणि शेवटचा. पुंजाजीची नोकरी राहिली.

आता त्याच पोराला सुई मिळावी म्हणून तो त्या दारात तीनदा गेला. पहिल्यांदा गंगूने दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा त्याने उंबऱ्याबाहेर बसून माफी मागितली. तिसऱ्यांदा म्हणाला, मी हात लावत नाही, किन्हीराजाहून नर्सबाईला घेऊन येतो, तिच्या हाताने घ्या. जगदेव आत दोर वळत बसला होता, त्याने मान वर केली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर दूध पाजणारा घरचाच होता, मग त्यांनी ताक तरी का घ्यावं?

"सुईचंच सांगून नेलं व्हतं ना तवाही?" गंगूने एवढंच विचारलं.

लस खरी होती, पण आणणारा खोटा ठरला होता.

पौषात खोकला वस्तीत आला. सुई घेतलेली पोरं शेंबूड पुसत अंगणात खेळत राहिली. नागसेनचा खोकला मात्र चार घरं पलीकडे पुंजाजीला ऐकू येई. पोर खोकून खोकून निळं पडायचं आणि मग हुप्प करून श्वास ओढायचं. पुंजाजीने गाडी जुंपून आणली तेव्हा गंगूने ती परत पाठवली. दोन दिवसांनी जगदेवने पोराला खांद्यावर घेतलं आणि मालेगावच्या दवाखान्याची वाट धरली. अर्ध्या वाटेवरूनच तो परत आला; पोराचा श्वास वाटेतच थांबला होता.

अंगणात माणसं जमली. पुंजाजी कुडाशी उभा राहिला. त्याला पाहून कुणी बाही वर केली नाही, कुणी जयभीमही घातला नाही. आपण यायला नको होतं, असं त्याला वाटलं.

गंगूने मांडीवरच्या पोराची बाही हळूच वर सरकवली. पुंजाजीची नजर सवयीने दंडावर गेली.

"पाहून घ्या, मामाजी," ती म्हणाली. "दंड कोरा हाय. तुमचा हात नाही लागू देला म्या याले."