पेवातला श्वास

कडेगावाकडच्या त्या गावात बिराप्पाच्या पेवाभोवती नुसती झुंबड उडाली होती. पेव म्हणजे जोंधळा साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. कोंडीबा भगत दोरीने दिवा आत सोडी, वाऱ्याची झुळूकही नसताना तो विझे, आणि गाव हात जोडी.

"बगा, आई कोपलीया! तिचा ऊन ऊन सुस्कारा लागतोय का?" भगत घुमत होता. "ह्या बाईच्या पायगुणानं बिराप्पा गेला. आता ही दिवा घिऊन उतरंल. दिवा ऱ्हायला तर बाई निर्दोष!"

ती बाई म्हणजे बिराप्पाची बायको राहीबाई. परवाच तिचा नवरा या पेवात उतरला आणि वर आलं ते त्याचं मढं. तेव्हा झाकलेलं पेव आज पुन्हा उघडलं होतं. तिने पदर खोचला. मेले तर सुटले, असंच तिला वाटत होतं.

"थांबा बाई!" शाळेचे हंबीरराव मास्तर घागर घेऊन गर्दीत घुसले. "कालपासून ह्या घागरीत मोड आलेला जोंधळा आहे. तोंड मातीने लिंपलंय."

लिंपण फोडून त्यांनी आत पणती सोडली. पणती विझली. मग घागर पालथी करून, उपरण्याने वारा घालून त्यांनी पुन्हा सोडली. आता ती खुशाल तेवत राहिली.

"दाणा जिवंत असतो. तोही श्वास घेतो," मास्तर म्हणाले. "कोरडा असला तर अगदी मंद. पेवात पाणी झिरपलं, दाणा भिजला आणि धापा टाकायला लागला. तो तापला, चांगली हवा संपली, तसा आंबला. उरलेली वाईट हवा जड, ती तळाशी बसली."

"आवं, आमचं वाडवडील प्येव दीसभर उगडं ठिवायचं," म्हातारी धोंडुबाई पुटपुटली. "ह्या भगतानंच सांगितलं, लक्षुमी निघून जाती, लगीच उतरा."

सगळे भगताकडे बघू लागले. भगत कसला वस्ताद!

"आई घागरीतनं भाईर आली! शांत झाली! बाईला सोडा!" म्हणत त्याने घागरीपुढे लोटांगण घातलं. झालं! कुणी कुंकू आणलं, कुणी नारळ. घागर वाजतगाजत देवळात निघाली.

मागे राहीबाई तेवढी उरली. "मास्तर, त्या दिशी दीसभर थांबलो असतो, तर आमचं मालक जगलं असतं?"

मास्तरांना खोटं बोलवेना. "जगले असते."

"मग ह्यास्नी सांगा की वो!"

मास्तर घसा फोडून सांगत राहिले. गावाने ऐकलं नाही. निदान तुम्ही तरी ऐका: ज्या हवेत दिवा जगत नाही, तिच्यात कुणाचा नवरा उतरवू नका.